ही कट्टी नव्हे!

दिवाळीच्या दिवसांत कुणाला कडू घोट पाजू नये, हे मलाही कळते. पण चकली खुसखुशीत झाली की नाही याची चौकशी करणाऱ्या आपण, फराळाला आलेली मुलगी घुम्यासारखी का बसली याची चौकशी करीत नाही. म्हणून हे लिहिणे.

आमच्या वागळे इस्टेटीत, किसननगरला, माझ्या शेजारची एक मुलगी सातवीत होती. गेल्या दिवाळीत ती फुलबाज्या घेऊन खाली गेलीच नाही. खोदून विचारले तेव्हा म्हणाली, "काकू, माझ्याशी कुणी बोलत नाही." का, ते तिलाही ठाऊक नव्हते. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन आली की मुली सरकून बसत. प्रकल्पासाठी गट पाडले की ही उरे. मोबाईलवर वर्गातल्या मुलींचा ग्रुप होता, त्यात हीच तेवढी नव्हती. कुणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. अंगावर वळ नाही, मग तक्रार तरी कसली करायची?

तिच्या आईबरोबर मी शाळेत गेले. बाई हसून म्हणाल्या, "अहो, मुलीच त्या! आज कट्टी, उद्या बट्टी."

माझे भांडण आहे ते या वाक्याशी. कट्टी तोंडावर होते, तिचे कारण दोघींना माहीत असते आणि दोघींपैकी कुणीही ती मोडू शकते. जिथे एका बाजूला सारा वर्ग आणि दुसऱ्या बाजूला एकटी पोर, त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: वाळीत टाकणे. जातपंचायतीने हे केले तर महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2017 पासून अमलात आला असून, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मुलींना तुरुंग दाखवा, असे मी म्हणत नाही. पण पंचायतीने केले तर आपण संतापतो, आणि वर्गाने केले तर हसतो, हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, बायकांची जातच मत्सरी. साफ खोटे! फिनलंडमधील संशोधकांनी 1988 साली अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींत हा आडून होणारा छळ तपासला, तेव्हा तो मुलींत अधिक दिसला. पुढे जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर मुलगे व मुली यांतला फरक अगदी थोडा निघाला. मुली हे शिकतात ते आपल्याकडून. मोठ्याने बोलू नकोस, भांडू नकोस, असे आपण त्यांना बजावतो. मग राग मागल्या दाराने बाहेर पडतो. रमाबाई रानड्यांच्या 1910 सालच्या आठवणी वाचा. त्या शिकू लागल्या म्हणून त्यांना टोमणे मारून एकटे पाडणाऱ्या घरातल्याच वडीलधाऱ्या बायका होत्या. आणि आज? कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, शेजारी टॉवर उठले, आणि "त्या चाळीतल्या मुलींत फार मिसळू नकोस" हे वाक्य आपल्याच स्वयंपाकघरातून शाळेत पोचले.

उपाय आहे. फिनलंडमध्येच तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी उभारलेला शालेय कार्यक्रम भर देतो तो गप्प राहून पाहणाऱ्या मुलांवर. छळणारीला बळ मिळते ते या बघ्यांमुळे. त्या हलल्या की तिचे राज्य डळमळते. तेव्हा गट बाईंनीच पाडावेत. "आपापले गट करा" म्हणून मोकळे होऊ नये. आणि आयांनो, "तुला कुणी त्रास देते का?" एवढ्यावर थांबू नका. "तुमच्या वर्गात एकटी कोण बसते?" हेही पुसा. उत्तर देताना लेकीची मान खाली गेली, तर तिला ओरडू नका. फराळाचा एक डबा भरा आणि तिलाच त्या मुलीच्या घरी पाठवा.