सैनिकाची वर्षं मोजता, मग सेविकेची का नाही?

सैन्यात नोकरी केलेला माणूस पुढे सरकारी कचेरीत लागला, की त्याची सैन्यातली वर्षं बढतीसाठी धरायची का? मैत्रिणींनो, वरवर पाहता हा प्रश्न आपला वाटत नाही. पण कुणाची कोणती वर्षं 'सेवा' म्हणून मोजायची हे जिथे ठरतं, तिथे आपली वर्षं कुठे जातात हे आपण विचारायलाच हवं.

आधी सैनिकाची बाजू समजून घेऊ. चीनच्या आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ ला देशात आणीबाणी पुकारली गेली. ती १० जानेवारी १९६८ पर्यंत राहिली. या काळात कितीतरी तरुण शिक्षण आणि नोकरीची संधी सोडून सैन्यात गेले. ते परत आले तोवर त्यांच्या बरोबरीचे लोक कचेरीत दोन पायऱ्या वर चढले होते. म्हणून पंजाब सरकारने १९६५ साली नियम केले, की ही वर्षं वेतनवाढ, ज्येष्ठता आणि पेन्शन यांसाठी धरायची. पुढे हरयाणा सरकारने हा लाभ मागच्या तारखेपासून कमी करायचा प्रयत्न केला, तेव्हा १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रोखला. त्याच न्यायालयाने १९९४ साली उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात मात्र सांगितलं, की आणीबाणी संपल्यावर सैन्यात गेलेल्यांना ज्येष्ठतेत तीच सवलत देता येणार नाही.

यातून एक तत्त्व हाती लागतं. सरकारच्या कामामुळे जो मागे पडला, त्याची भरपाई सरकारने करावी. हे तत्त्व मला मान्य आहे.

पण ही भरपाई कोण करतं? वेतनवाढ आणि पेन्शन तिजोरीतून जाते. ज्येष्ठता मात्र शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या वाट्यातून जाते. जागा मोजक्याच असतात. एक नाव यादीत वर गेलं की दुसरं खाली सरकतं. आणि ते दुसरं नाव पुष्कळदा बाईचं असतं.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हेलन फीनी या सरकारी नोकरीत होत्या. वरच्या जागेसाठी त्यांनी १९७१ साली परीक्षा दिली आणि गुणांत दुसऱ्या आल्या. माजी सैनिकांना प्राधान्य असल्यामुळे यादीत त्यांचं नाव पाच पुरुषांच्या मागे, सहावं लागलं. १९७३ साली त्या गुणांत तिसऱ्या आल्या आणि बारा माजी सैनिकांच्या मागे गेल्या. त्यातल्या अकरा जणांना त्यांच्यापेक्षा कमी गुण होते. त्या राज्यातले ९८ टक्क्यांहून अधिक माजी सैनिक पुरुष होते. तरीही १९७९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा योग्य ठरवला. कायदा सैनिक आणि बिगरसैनिक असा भेद करतो, बाई आणि पुरुष असा नाही, असं कारण दिलं.

आपल्याकडे काय वेगळं आहे? बायकांना सैन्यात अधिकारी म्हणून, वैद्यकीय आणि परिचारिका सेवा सोडून, प्रवेश मिळाला १९९२ साली. जवान म्हणून पहिल्या ८३ जणी लष्करी पोलिसांत दाखल झाल्या २०२१ साली. महाराष्ट्रात वर्ग तीन आणि चारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के जागा आहेत. १९९४ च्या महिला धोरणाने बायकांना ३० टक्के आरक्षण दिलं, म्हणून आपण कचेरीच्या दारातून आत आलो. पण बढतीच्या यादीत कोण कुणाच्या पुढे, हा प्रश्न दारातून आत आल्यानंतरच सुरू होतो.

आता आमच्या मंद्रूपसारख्या गावातली अंगणवाडी सेविका पाहा. १९७५ साली सुरू झालेली ही योजना तिच्याच खांद्यावर उभी आहे. मुलांची वजनं, पोषण आहार, गरोदर बायकांच्या नोंदी हे तर रोजचंच. २०२० साली कोरोनात दारोदार फिरून माहिती गोळा करायलाही तीच. पण ती सरकारी नोकर नाही, तिला मिळतं ते 'मानधन'. ती सरकारी पदावर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटलं. २०२२ साली त्याच न्यायालयाने तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, म्हणजे तिची वर्षं ही कामाचीच वर्षं आहेत हे निदान एका ठिकाणी कबूल झालं. पण हीच सेविका उद्या परीक्षा देऊन पर्यवेक्षिका झाली, तर मागची वीस वर्षं पुसली जातात आणि नव्याने लागलेल्या मुलीबरोबर तिची ज्येष्ठता सुरू होते.

कुणी म्हणेल, सैनिक जीव धोक्यात घालतो, त्याची बरोबरी कशी करता? धोक्याचा मान राखायलाच हवा, आणि त्यासाठी पेन्शन आहे, आरक्षण आहे. पण ज्येष्ठतेची सवलत उभी आहे ती सरकारी कामात खर्ची पडलेल्या वर्षांवर. ती वर्षं सेविकेचीही खर्ची पडली आहेत.

हा प्रश्न आता पुन्हा येणार आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलं सैन्यात राहतील, बाकीची घरी येतील. त्यांना नोकरी हवी, आणि उद्या ती चार वर्षं बढतीसाठी धरा अशी मागणीही होईल. त्याआधी आपण तीन गोष्टी मागूया. सैनिकाच्या वेतनाची आणि पेन्शनची भरपाई तिजोरीतून पूर्ण व्हावी. ज्येष्ठता द्यायची असेल, तर नियम करण्याआधी कोण खाली सरकणार आणि त्यात बायका किती, हे यादीसह जाहीर व्हावं. आणि सेविकेची मानधनावरची वर्षं पर्यवेक्षिकेच्या ज्येष्ठतेत त्याच मापाने मोजावीत.

सैनिक सीमेवर असताना त्याचं शेत आणि म्हातारे आईबाप सांभाळणारीही बाईच असते. तिच्या वर्षांना तर अजून नावच मिळालेलं नाही. त्याविषयी पुढे केव्हातरी लिहू. तोवर तुमच्या कचेरीतली ज्येष्ठता यादी एकदा मागून वाचा, आणि त्यात आपल्या बायका कुठे आहेत ते आम्हाला कळवा.