पाठकोरे कागद आणि श्रेडर

गेल्या हिवाळ्यात चारकोपच्या बाजारातून खारे शेंगदाणे घेतले. दाणे संपल्यावर सवयीने पुडी उलगडली. पुडीवरचा मजकूर वाचण्याची खोड मराठीच्या विद्यार्थ्याला जन्मभर सुटत नाही. तो कुणाच्या तरी कर्जाच्या अर्जाच्या छायाप्रतीचा अर्धा भाग होता. पूर्ण नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक, सही आणि मिठाने डागाळलेला छोटा फोटो, असे सारे त्यावर होते. एका अनोळखी माणसाचे चरित्र माझ्या हाती दोन घासांत आले होते. 2023 सालचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा डिजिटल स्वरूपातल्या किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो. शेंगदाण्याच्या पुडीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. तिथपर्यंत आपणच पोहोचायला हवे.

साहित्याच्या माणसाला श्रेडर हे नावच अप्रिय वाटते. कागद नष्ट करण्याचे यंत्र घरात आणायचे, ही कल्पना आपल्याला ग्रंथालय जाळण्याच्या जवळपासची भासते. मलाही ती तशी भासत असे. माझे मत बदलले ते सरांचे कागद आवरताना.

सर आमच्याच सेक्टरात राहत. 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या वसाहतीतल्या ज्या बैठ्या घरांवर पुढे मजले चढत गेले, त्यांपैकीच त्यांचे एक घर. चाळीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाचे कागद त्या घराच्या पोटमाळ्यावर आणि पलंगाखाली भरले होते. सर गेल्यानंतर त्यांच्या मुलीने, आमच्या ताईंनी, मला फोन केला. "रद्दीत द्यायला भीती वाटते. बाबांच्या बँकेचे, आधारचे सगळे कागद त्यात आहेत. श्रेडर आणलाय. पण काय घालायचं आणि काय ठेवायचं, ते तुम्ही येऊन सांगा."

पहिल्या रविवारी मी दोन ढीग करण्याच्या तयारीने गेलो. एका ढिगात बँक, विमा, आयकर, औषधे. दुसऱ्यात टिपणे, पत्रे, व्याख्यानांचे आराखडे. तासाभरात तो बेत कोलमडला, कारण सर त्यांच्या पिढीच्या रिवाजाप्रमाणे पाठकोऱ्या कागदांवर लिहीत. खातेउताऱ्याच्या मागे मर्ढेकरांवरचे टिपण होते, तर विजेच्या बिलाच्या मागे एका परिसंवादाचा मसुदा. एकाच कागदाची एक बाजू नष्ट करायला हवी आणि दुसरी जपायला हवी, अशी ती अवस्था. हे दोन ढीग कोणत्याही यंत्राला करता येणार नाहीत.

तरीही मी श्रेडरच्या बाजूने बोलतो आहे, याचे कारण साधे आहे. रद्दी किलोवर जाते, आणि ती न वाचताच जाते. श्रेडरमध्ये कागद पाच-सहाच्या वर सारता येत नाहीत. त्यातही आधी टाचण्या आणि पिना काढाव्या लागतात. टाचणी काढेपर्यंत कागद हातात राहतो, आणि हातात राहिलेल्या कागदावर नजर पडतेच. मला तर असे वाटते की, मराठी घरांतून जे वाङ्मयीन कागद नाहीसे झाले, ते बव्हंशी कुणी हेतुतः नष्ट केले म्हणून नव्हे, तर कुणी पाहिलेच नाहीत म्हणून. राजवाडे गावोगाव दप्तरे शोधत हिंडले, 1898 साली त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला, 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. हा वारसा आपण अभिमानाने शिकवतो आणि संध्याकाळी रद्दीवाल्याला पोते उचलून देतो.

आता यंत्राविषयी थोडे, कारण निवडीतली चूक महागात पडते. स्वस्त श्रेडर कागदाच्या केवळ उभ्या पट्ट्या करतात. 2012 सालच्या डीआयएन 66399 या जर्मन मानकात कागदासाठी पी-1 ते पी-7 अशा पायऱ्या आहेत. त्यांतल्या पी-2मध्ये पट्टी सहा मिलिमीटरपर्यंत रुंद चालते. म्हणजे ए-फोर कागदाच्या अवघ्या पस्तीस पट्ट्या. 1979 साली तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीत अशाच पट्ट्या सापडल्या आणि त्या जुळवून कागद पुन्हा वाचले गेले. पुढे ते छापूनही निघाले. पी-4मध्ये प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त 160 चौरस मिलिमीटरचा असतो. म्हणजे त्याच कागदाचे सुमारे 390 तुकडे होतात. घराला आणि महाविद्यालयाच्या विभागाला एवढे पुरते. पी-5मध्ये ते दोन हजारांवर जातात. पण तितके बारीक कापणारे यंत्र एका वेळी कमी कागद घेते आणि त्याची निगाही अधिक राखावी लागते. खोक्यावर 'आठ कागद' लिहिले असेल, तर पाच-सहाच घालावेत. त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे यंत्र सलग किती मिनिटे चालते. घरगुती यंत्रे बहुधा दोन ते पाच मिनिटे चालली की थंड व्हायला वीस-तीस मिनिटे मागतात. दुकानात हा प्रश्न अवश्य विचारावा.

निगा फार अवघड नाही. श्रेडरसाठी मिळणारे तेल एका कागदावर नागमोडी ओतून तो कागद आत सोडावा. दातांना तेल आपोआप लागते. फवाऱ्याचे डबे मात्र कधीही वापरू नयेत. त्यांतला वायू ज्वालाग्राही असतो आणि मोटारीच्या ठिणगीने पेट घेऊ शकतो. मुंबईच्या पावसाळ्यात कागद दमट होऊन दातांत गुंततो, म्हणून पोटमाळ्यावरचे गठ्ठे आधी पंख्याखाली पसरावेत. चिकट लेबले आत घालू नयेत. कागद अडकला तर ओढाताण न करता उलट फिरवण्याचे बटण दाबावे, आणि हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. पदर, ओढणी, मोकळे केस आणि लहान मुले यंत्रापासून दूर असावीत. उरलेला भुसा घ्यायला रद्दीवाला सहसा राजी नसतो. साध्या कागदाचा भुसा ओल्या कचऱ्याच्या खतात कोरडा थर म्हणून चालतो. चकचकीत कागद आणि दुकानाच्या छापील पावत्या त्यात नकोत.

हे सारे शिकता येते. शिकता न येणारा भाग पत्रांचा होता. सरांना विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या पत्रांत घरची भांडणे होती, अपयश होते, एका पत्रात तर आत्महत्येचा विचार होता. ती पत्रे सरांच्या घरात असली, तरी त्यांतले आयुष्य दुसऱ्याचे होते. ताईंचे मत पडले की ती नष्ट करावीत. मी जी. ए. कुलकर्णींचा दाखला दिला. लोकांपासून दूर राहिलेला हा लेखक 1987 साली गेला. त्यानंतर त्यांची निवडक पत्रे चार खंडांत आली, कारण ती ज्यांना आली होती त्यांनी जपली होती. त्यावर ताई म्हणाल्या, "पण ती जीएंनी लिहिलेली. ही तर बाबांनी लिहिलेली नाहीत." माझ्याजवळ उत्तर नव्हते. काफ्काची इच्छा डावलून माक्स ब्रोडने त्याचे लेखन वाचवले, याचे आपण आभार मानतो. पण प्रत्येक पेटीत काफ्का नसतो, आणि पेटी उघडणाऱ्या प्रत्येकाला ब्रोडचा अधिकार नसतो.

शेवटी जे ठरले ते असे. ज्यांचा पत्ता लागला त्यांना त्यांची पत्रे परत करायची. ज्यांचा लागला नाही त्यांची न वाचता पाकिटात बंद करून वर तारीख घालायची. पाठकोऱ्या कागदांची लिहिलेली बाजू स्कॅन करायची आणि मूळ कागदावरचे खाते क्रमांक कात्रीने कापून तेवढीच कात्रणे श्रेडरमध्ये टाकायची. पुढचे दोन रविवार आम्ही हेच करत बसलो. एका पोत्याचा भुसा झाला आणि एक पेटी उरली.

या तडजोडीवर आक्षेप घेता येईल. कापलेला कागद हा अभ्यासकाच्या दृष्टीने जखमी कागद आहे. कोणत्या बिलामागे, कोणत्या महिन्यात टिपण लिहिले गेले, हीदेखील माहितीच असते. म्हणून बिलाची तारीख आम्ही राखली, फक्त क्रमांक कापले. याहून चांगली रीत कुणाला सुचत असेल तर ती जरूर कळवावी.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असा एखादा पोटमाळा आहे, आणि आज ना उद्या तो रिकामा करण्याची पाळी येणार आहे. श्रेडर घ्यावा, अवश्य घ्यावा. फक्त कागद आत सारण्यापूर्वी तो एकदा उलटा करून पाहावा.