सोळा वर्षांचा सब्र

दोन्ही पाय एकाच फळीवर बांधून बर्फाच्या उतारावरून उड्या घेत, वळणे घेत सर्वांत आधी खाली पोहोचायचे, ही स्नोबोर्ड क्रॉसची शर्यत. २००६ च्या तुरिन हिवाळी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत अमेरिकेची २० वर्षांची लिंडसे जॅकोबेलिस बरीच पुढे होती. सुवर्णपदक समोर असताना शेवटून दुसऱ्या उडीवर तिने हवेत फळी पकडून ऐट दाखवली आणि पडली. स्वित्झर्लंडची तान्या फ्रीडेन पुढे निघून गेली. लिंडसेला रौप्यपदक मिळाले. पण लोकांच्या लक्षात राहिले ते तिचे पडणे.

पुढच्या तीन ऑलिम्पिकमध्ये तर पदकच नाही. तरी ती खेळत राहिली. २०२२ मध्ये बीजिंगला, ३६ व्या वर्षी, तिने सुवर्ण जिंकले. मग ४० वर्षांच्या निक बॉमगार्टनरसोबत मिश्र सांघिक सुवर्णही.

क्षणभराचा तकब्बुर हातचे घालवतो, हे मुलांना जरूर सांगा. पण आपल्याकडे एखादे लेकरू दहावीत नापास झाले, की ईदच्या भेटीतही तोच विषय निघतो. चूक एकदाच दाखवावी. मग त्याच्यासाठी दुआ करावी आणि त्याला पुन्हा मैदानात उतरू द्यावे.