पुंजयामिकी हायड्रोजनपाशी थांबू नये

केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी देऊन आठ वर्षांच्या मुदतीसाठी सहा हजार कोटींहून अधिक रुपयांची तरतूद केली, आणि त्या योजनेच्या चार मुख्य केंद्रांपैकी संवेदन व मापन यांचे केंद्र पवईच्या आयआयटीकडे आले, ही महाराष्ट्राला भूषणास्पद गोष्ट होय. तथापि यंत्रांची आणि प्रयोगशाळांची तजवीज करताना, ती यंत्रे ज्या शास्त्रावर उभी राहावयाची त्याचे शिक्षण आपल्या महाविद्यालयांत कोठे येऊन थबकते याचा विचार झाल्यावाचून हा खर्च फलद्रूप होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पदवीच्या वर्गात पुंजयामिकी शिकवली जाते ती बहुधा एकाच कणाची: पेटीत कोंडलेला एक कण, फार तर हायड्रोजनच्या अणुकेंद्राभोवतीचा एक इलेक्ट्रॉन. हायड्रोजनचे गणित निःशेष सुटते, म्हणून विद्यार्थ्याला तेच शास्त्राचे शिखर वाटू लागते. वस्तुतः तो पायथा आहे. एक इलेक्ट्रॉन वाढून हीलियम झाला, की अचूक उत्तराची वाट बंद होते. दोन इलेक्ट्रॉन परस्परांना दूर लोटतात ही गोष्ट बाजूला ठेवून हिशेब केला, तर दोघांनाही अणूपासून सोडवण्यास १०८.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागेल असे निघते. प्रत्यक्षात लागते सुमारे ७९. नॉर्वेचा शास्त्रज्ञ एगिल हिल्लेरास याने १९२९ साली दोन इलेक्ट्रॉनांमधील अंतरालाच तरंगफलनात स्थान दिले, आणि टेबलावरील साध्या गणनयंत्राच्या साहाय्याने उत्तर मापनाच्या अगदी निकट आणून ठेवले. अणूचे मर्म एकेका कणाच्या वर्णनात संपत नाही, ते त्यांच्या परस्परसंबंधात असते, हा धडा हायड्रोजन कधीही देऊ शकत नाही.

त्याआधी, १९२४ साली, ढाका विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनकडे धाडलेला, आणि आइन्स्टाइनने स्वतः जर्मन भाषांतर करून प्रसिद्धीस दिलेला छोटा निबंधही याच प्रांतातला. त्यामागील विचार दोन कण आणि दोन अवस्था घेऊन वहीच्या पानावर मांडता येतो. कण ओळखू येण्याजोगे असतील तर मांडणीचे चार प्रकार होतात. परंतु हा पहिला, तो दुसरा अशी खूणच निसर्गाने त्यांच्यावर ठेवलेली नसेल, तर तीनच उरतात. आणि एकाच अवस्थेत दोघांनी राहण्यास मनाई असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या वाट्याला केवळ एक येतो. चार, तीन आणि एक एवढ्याच भेदातून केवढी सृष्टी उभी राहते! ती मनाई नसती तर मूलद्रव्यांची आवर्तसारणी नसती. आणि बोस यांची गणना खरी नसती तर १९९५ साली अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये अतिशीत केलेले रुबिडियमचे सुमारे दोन हजार अणू एकाच अवस्थेत एकवटलेले दिसले नसते.

कणांची संख्या वाढली की हिशेब किती वाढतो, हेही विद्यार्थ्याला कळले पाहिजे. प्रत्येकी दोनच अवस्था असलेल्या तीनशे कणांचे पूर्ण वर्णन लिहावयाचे तर जितक्या संख्या लागतील, तितके अणू दृश्य विश्वातही नाहीत. निसर्गाचा हा हिशेब पुंजयामिकीच्याच नियमांनी चालणाऱ्या यंत्राकडे सोपवावा, ही रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ साली मांडलेली कल्पना आजच्या क्वांटम संगणकाच्या मुळाशी आहे. जो एका कणापाशी थांबला त्याला या यंत्राची गरजच उमगणार नाही.

हे गणित पदवीच्या विद्यार्थ्याला झेपणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु बोस यांची मोजणी बोटांवर होते. आणि हीलियमच्या केंद्राचा भार २ ऐवजी १.६९ धरला, कारण एक इलेक्ट्रॉन दुसऱ्यासाठी त्यातील काही अंश झाकून टाकतो, की उत्तर ७७.५ वर येते, एवढे गणित तृतीय वर्षाचा विद्यार्थी शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली खात्रीने करू शकतो.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी हायड्रोजनच्या पाठोपाठ हीलियमला आणि एकरूप कणांच्या गणनेला पुरेशा तासांचे, सक्तीचे स्थान द्यावे, आणि मिशनच्या तरतुदीतील अल्प हिस्सा तालुक्याच्या गावांतील प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. परदेशातून यंत्रे विकत आणता येतील. ती समजून घेणारी, आणि पुढे स्वतः घडवणारी पिढी मात्र आपल्याच वर्गांत तयार करावी लागेल.