वळण लगाम खेचून येत नाही



‘डावीकडे वळायचे तर डावा लगाम मागे खेचा’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला पटला नाही. त्याने घोड्याची नुसती मान वाकते; खांदा उजवीकडे निसटतो आणि चाल मोडते. डावा हात मागे नव्हे, किंचित बाजूला उघडावा. कोपरापासून घोड्याच्या तोंडापर्यंत सरळ रेष राहावी. उजव्या हाताने मान वाकेल इतकीच ढील द्यावी, पण लगाम लोंबू देऊ नये. खांदा तोच आवरतो. कोणताही हात आयाळ ओलांडून पलीकडे जाऊ नये. डावा पाय तंगाजवळ, उजवा थोडा मागे. बाहेरचा लगाम मानेला टेकवून एका हाताने वळवण्याची अमेरिकी काउबॉयांची रीत वेगळी. ती तशा शिकवलेल्या घोड्यालाच कळते. नवशिक्यांपुढे दोन्हींची सरमिसळ नको.

— एक घोडेस्वार वाचक, पुणे