ग्रेड वाढली म्हणून स्लॅब ताठ होत नाही



गेल्या अंकात एका वाचकाने घर बांधणाऱ्यांना सल्ला दिला आहे : ४१५ ऐवजी ५०० ग्रेडची सळई घाला, स्लॅब झुकणार नाही. हेतू चांगला, पण गल्लत मोठी. ग्रेडचा आकडा सांगतो तो सळई किती प्रतिबलाला कायमची लांबू लागेल, एवढंच. त्याआधी ती किती ताणली जाईल हे यंगच्या गुणांकावर ठरतं. आणि आयएस ४५६ ही आपली संहिता तो सगळ्या ग्रेडना सरसकट दर चौरस मिलिमीटरला २ लाख न्यूटन धरते.

१२ मिलिमीटर व्यासाची, ३ मीटर लांबीची सळई टांगून एक टन वजन लावा. ग्रेड कुठलीही असो, ती सुमारे १.३ मिलिमीटर लांबेल, म्हणजे विकृती हजारात अर्ध्याहूनही कमी. वजन काढलं की पूर्ववत. ग्रेडचा फरक पडतो तो पावणेपाच टनांच्या पुढे. तिथे ५००ची आणखी टनभर तग धरते.

उलट, ५०० घेतली म्हणून सळया कमी घातल्या (आणि घालतातच!) की प्रत्येकीवरचं प्रतिबल वाढतं, ती जास्त ताणली जाते, काँक्रीटच्या भेगा रुंदावतात आणि स्लॅब अधिकच झुकतो. झुकणं आटोक्यात ठेवायचं तर जाडी बघा. १२५ची १५० मिलिमीटर केली की भेगा पडण्याआधीचा ताठरपणा सुमारे पावणेदोन पट होतो, कारण तो जाडीच्या घनावर चालतो. स्वतःचं वजन मात्र वीसच टक्क्यांनी वाढतं. स्लॅब झुकवणाऱ्या, सेंटरिंग लवकर काढण्याच्या घाईवर त्या वाचकाने लिहावं, मी दुजोरा देईन.

– एक वाचक, सातारा