दुर्बीण हलवा म्हणणाऱ्यांना

नाशिक-पुणे रेल्वे मला हवी आहे. नाशिकरोडहून रेल्वेने पुण्याला जायचं तर कल्याण नाहीतर मनमाडचा वळसा. बसने जावं तर चाकणच्या कोंडीत जीव नकोसा होतो. सिन्नर, संगमनेर, नारायणगावमार्गे सरळ गाडी येणार, या आशेवर आम्ही वर्षं काढली. आता नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमुळे तो मार्ग बदलावा लागेल, असं रेल्वेमंत्री सांगतात आणि सगळा राग दुर्बिणीवर निघतो. ‘दुर्बीणच हलवा की दुसरीकडे’, असं सिन्नरला चहा पिताना मी ऐकलं. मला ते अजिबात मान्य नाही.

नारायणगावहून आत वळलं की शेतांच्या वर डोकं काढून उभ्या असलेल्या तबकड्या दिसू लागतात. एकेकीचा व्यास ४५ मीटर. जवळून पाहिलं तर पत्रा नाहीच, पोलादी तारांची जाळी आहे. वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि खर्चही कमी. ही डॉ. गोविंद स्वरूप यांची कल्पना. अशा ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात. त्या लहरी का महत्त्वाच्या, ते पाहा.

आकाशगंगेचं केंद्र धनू राशीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. मधल्या धुळीमुळे ते डोळ्यांना दिसत नाही. रेडिओ लहरी मात्र त्या धुळीतून सुखरूप येतात. हायड्रोजन वायूच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवरूनच आकाशगंगेच्या भुजांचा नकाशा बनू लागला आणि एक कोडंही उभं राहिलं. सूर्यापासून दूरचे ग्रह संथ फिरतात, पण आकाशगंगेच्या कडेचा वायू आतल्याइतक्याच वेगाने फिरतो. दिसणाऱ्या ताऱ्यांचं गुरुत्वाकर्षण त्याला धरून ठेवायला पुरेसं नाही. म्हणजे बरंचसं वस्तुमान न दिसणारं आहे. ते कशाचं, याचं उत्तर आजही कुणाकडे नाही.

खोडदची दुर्बीणही रेडिओ लहरींवरून अशीच कोडी सोडवू पाहते. आकाशगंगेतले स्पंदक तारे घड्याळासारखे नियमित ठोके देतात. त्या ठोक्यांत किंचित मागेपुढे झालं, तर अवकाश ताणणारी गुरुत्वीय लहर गेली असण्याची शक्यता असते. २५ स्पंदकांच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदी तपासून अशा लहरींचा पुरावा जून २०२३ मध्ये जाहीर झाला. त्या नोंदी घेणाऱ्या सहा मोठ्या दुर्बिणींत खोडदची होती. जुन्नर तालुक्यातली!

हे संकेत इतके क्षीण असतात, की चंद्रावर ठेवलेला मोबाईलसुद्धा त्यांच्यापुढे प्रखर ठरेल. विजेच्या गाडीच्या छतावरचा पेंटोग्राफ तारेला घासताना उडणाऱ्या ठिणग्यांतून रेडिओ गोंगाट निघतो, तो तर काही किलोमीटरवरून. आणि दुर्बीण हलवायची तर कुठे? डोंगरांचा आडोसा, कमी गोंगाट आणि दक्षिण आकाशाचाही बराच भाग दिसेल असा अक्षांश पाहूनच ही जागा निवडली आहे.

संगमनेर-नारायणगावकरांचं नुकसान खरं आहे, ते कुणी झटकून टाकू नये. त्यासाठी सरकारला धरा. दुर्बिणीपासून किती अंतरावर रूळ चालतील, बोगदा किंवा आडोशाने किती फरक पडेल, शिर्डी-अहिल्यानगरच्या पर्यायी मार्गाने किती वेळ आणि किती भाडं वाढेल, हे सगळं मराठीत, नकाशासह लोकांपुढे मांडा. त्यावर खोडदच्या शास्त्रज्ञांना आणि तिथल्या शेतकऱ्यांना समोरासमोर बसवा, आणि मगच मार्ग पक्का करा.